धाकटीच्या चाकाला दोन बोटं मोकळीक

माझ्या आत्याला अपत्यं दोन. थोरला दातांचा डॉक्टर आहे आणि धाकटी गाडी आहे.

धाकटी घरात आली तेव्हाच चांगली वयात आलेली होती. आधी कुठे कुठे एक-दोन संसार करून आलेली. रंग म्हणे मोरपंखी. मी पाहिली तेव्हा मोर म्हातारा झाला होता. पण आत्याने तिला पोटच्या पोरीसारखं सांभाळलं. थोरल्याला लहानपणी जेवढे नवे शर्ट मिळाले नसतील तेवढी सीटकव्हरं धाकटीला मिळाली, आणि तीसुद्धा कडेला गोट लावलेली. डॉक्टर हे अजून विसरलेला नाही.

आत्या कपडे शिवते. घराच्या पुढच्या खोलीत मशीन, समोर माणूसभर उंचीचा आरसा आणि कोपऱ्यात एक डोकं नसलेला लाकडी पुतळा. त्याच्या अंगावर कायम कुणाचा तरी अर्धा कोट असतो. आत्याच्या शिवणीची ख्याती अशी, की कापड फाटेल पण शिवण सुटणार नाही. एकदा एका गिऱ्हाइकाचं पोट वाढलं म्हणून कोट उसवायची वेळ आली, तर खुद्द आत्याच्याच नाकी नऊ आले. त्या संध्याकाळी ती थकून बसली होती, पण चेहरा असा होता की जणू परीक्षेत पहिली आली आहे.

गाडी ती पन्नाशीत शिकली. कारण सरळ होतं. गिऱ्हाइकं तिच्याबरोबरच म्हातारी होत चालली होती. ज्यांच्या गुडघ्यांना दुकानाची पायरी झेपेना, त्यांच्याकडे आत्या गळ्यात टेप घालून स्वतः जायला लागली. कुणाच्या बाह्या आखूड करायच्या, कुणाची कंबर वाढवायची, आणि तेवढ्यात त्यांच्या सुनांची गाऱ्हाणी ऐकायची. मापं घेताना माणूस हात वर करून उभा असतो, अशा वेळी तो खोटं बोलत नाही, असं आत्याचं मत आहे.

शेजारच्या सीटवर काका, म्हणजे आत्याचे यजमान. काकांनी गाडी शिकायचा प्रयत्न एकदाच केला होता, त्यात कुंपण गेलं. तेव्हापासून त्यांच्याकडे एकच खातं आहे: हँडब्रेक. आत्याने गाडी थांबवायची आणि काकांनी हँडब्रेक ओढायचा. कर्रर्र! हा आवाज झाला की प्रवास संपला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण या एका बाबतीत दोघांचं कधी भांडण झालेलं नाही. काकांच्या कानात ऐकण्याचं यंत्र असतं. गाडीत बसलं की ते काढून खिशात ठेवायचं ही त्यांची सवय. "गाडीत दोनच आवाज असतात," ते म्हणतात, "एक इंजिनाचा आणि एक हिचा. दोन्ही मला पाठ आहेत."

त्यामुळे तिसरा आवाज सुरू झाला तेव्हा तो काकांना कळलाच नाही.

घूंऽऽ. मागच्या बाजूने. हळू चालवलं की हळू, वेग वाढवला की मोठा. नदीवरच्या पुलाचा रस्ता गुळगुळीत असल्यामुळे तिथे तर असा, की कुणीतरी डिकीत भुंग्यांचं अख्खं वऱ्हाड बसवलंय. डॉक्टर एकदा आईबरोबर त्या पुलावरून गेला आणि उतरला तो पांढराफटक पडून. आता, ज्याच्या हातातल्या यंत्राच्या आवाजाने भली भली माणसं खुर्चीचे हात गच्च धरतात, त्याने एका गाडीच्या गुणगुणण्याला घाबरावं हे मला जरा गमतीचं वाटलं. पण आईच्या बाबतीत मुलगा घाबरतो तेव्हा तो डॉक्टर नसतो.

गॅरेजवाल्याने मागची चाकं हाताने फिरवून, हलवून निदान केलं. "दोन्ही मागची बेअरिंग गेलीत, ताई. चाकं ज्यांच्यावर फिरतात तीच गेली. असंच चालवलंत तर एक दिवस चाक जाम होईल, नाहीतर तुमच्या पुढे निघून जाईल."

"मग बदल ना!"

"ताई, हे जुन्या पद्धतीचं काम. सगळं ठोकून काढायचं, ठोकून बसवायचं. माझी पोरं आता नुसते भाग बदलतात, ठोकाठोकी कुणाला येत नाही. माझी पाठ गेली. भंगारात द्या आता हिला."

भंगार हा शब्द आत्याने ऐकलाच नाही असं दाखवलं. डॉक्टरने मात्र नीट ऐकला. घरी आल्यावर त्याने भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेली गाडीची दुसरी किल्ली काढून स्वतःच्या खिशात टाकली.

"आई, येत्या रविवारी चहाला मी येतो. पुलावरून एक चक्कर मारू. आवाज आला, तर ती पहिली किल्लीपण माझ्याकडे. मग तुला कुठे जायचं असेल तिथे मी सोडेन."

"तू सोडशील? तुला स्वतःच्या मुलीला शाळेत सोडायला वेळ नाही."

"आई."

"बरं," आत्या म्हणाली. "रविवारी."

तो गेल्यावर ती मशीनपाशी येऊन बसली. मग मला म्हणाली, "किल्ली गेली ना, की मी खिडकीतली म्हातारी होईन बघ. कोण आलं, कोण गेलं, कुणाच्या दारात कुठली गाडी. आणि माझी ती सगळी माणसं हात वर करून वाट बघत उभी राहतील." मग एकदम उठली. "तू शनिवारी काय करतोयस?"

आमच्या घराण्यात घट्ट झाकणाच्या बरण्या उघडणारा म्हणून माझं नाव आहे. दुसरी कुठलीही पात्रता नसताना मी या कामावर असा नेमला गेलो.

गॅरेजवाला मनाने चांगला. काम घेतलं नाही, पण नवी बेअरिंग, ग्रीसचा डबा, जॅक आणि दोन लोखंडी स्टँड दिले. "नुसत्या जॅकच्या भरवशावर हात घालू नका," एवढं दहादा बजावलं. बाकीचं शिक्षण मोबाइलवर. त्यात एक गृहस्थ पांढरे हातमोजे घालून चाक खोलून दाखवत होते. आत्याने व्हिडिओ पूर्ण पाहिला आणि म्हणाली, "याच्या मोज्यांना एक डाग नाही. काम दुसऱ्याने केलंय, हा नुसता बोलतोय." शेवटी ते गृहस्थ म्हणाले की मधला मोठा नट आधी घट्ट करा, मग परत सैल करा. तिथे आत्याने मोबाइल उलटा ठेवला. "घट्ट करून सैल करा? असल्या अर्धवट कामाला माझ्या दुकानात जागा नाही."

हे वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवलं नव्हतं.

शनिवारी सकाळी मागच्या आवारात आम्ही पुढच्या चाकांना विटा लावल्या, मागचं डावं चाक उचललं, स्टँड लावला, चाक काढलं. आत्याने जमिनीवर जुनी चादर अंथरली आणि खडूने तिच्यावर चौकोन आखले. निघालेली प्रत्येक वस्तू निघाली त्या क्रमाने चौकोनात. मी उत्साहाने उजवं चाकही खोलायला निघालो तर हातावर फटका बसला. "दोन्ही बाह्या एकदम उसवायच्या नसतात, गाढवा! एक विसरलास तर दुसरी बघून शिवता आली पाहिजे."

टोपण निघालं. पिन निघाली. मोठा नट निघाला. तो माझ्यासारख्या बरणीवाल्यासमोर किती टिकणार? पण पुढे घोडं अडलं. चाकाच्या आतला लोखंडी ड्रम काही केल्या निघेना. मी ओढला, आत्याने ओढला, दोघांनी मिळून ओढला. हातोडीने कडेकडेने ठोकलं. आत्याने त्याला गोड बोलून पाहिलं, मग वाईट बोलून पाहिलं. ड्रम ढिम्म.

काका खुर्ची टाकून चहा पीत बसले होते. "काय गं, गंजलाय का?"

"असेल. अहो, जरा आत बघता का, गिअर वगैरे नीट आहे का."

काका उठले, दारातून आत वाकले आणि लगेच बाहेर आले. चेहरा फार सज्जन झाला होता.

"हँडब्रेक ओढलेला आहे," ते म्हणाले.

"कुणी ओढला?"

"तू गाडी इथे आणून थांबवलीस ना सकाळी?"

"मग?"

"मग मी ओढला."

आत्याने हातोडी खाली ठेवली. हे तिने विचारपूर्वक केलं असं मला वाटतं. "तुम्ही गाडीत नव्हता! तुम्ही बाहेर उभे होता!"

"खिडकीतून हात घातला," काका म्हणाले. "गाडी थांबली की ओढायचा असं ठरलंय आपलं."

हँडब्रेक सोडला आणि ड्रम असा हातात आला की मी ड्रमसकट मागे बसलो.

जुनं बेअरिंग पाहून मात्र थट्टा थांबली. ड्रमच्या पोटात एक पोलादी कडं बसवलेलं असतं आणि त्याच्या आत बेअरिंगचे रूळ फिरतात. ते कडं आरशासारखं असायला हवं. आत्याने त्यावरून बोट फिरवलं, कापडातली गाठ शोधावी तसं. आत देवीचे व्रण असावेत तसे खड्डे होते. "बिचारी रडत होती रे," ती म्हणाली, "आणि आपण म्हणत होतो गुणगुणते."

जुनी कडी ठोकून काढली. नवी बसवायची तर ती आत जाईनात, इतकी घट्ट. यावर आत्याने तोड काढून ठेवली होती. शुक्रवारपासून नवी कडी फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात होती, म्हणजे गारठून जराशी आकसतील. आणि ड्रमचं तोंड गरम करायला तिने आतून आपली जाडजूड इस्त्री आणली. मी आजवर इस्त्रीखाली बरंच काही पाहिलंय, पण गाडीचा भाग पहिल्यांदाच. थोडं पाणी शिंपडून, वाफ बघून, ती त्याला अशी इस्त्री करत होती, जणू संध्याकाळी त्याला कुठे समारंभाला जायचंय. मग मटारांच्या पिशवीखालचं कडं आणलं, वर जुनं कडं ठेवून हलकेच ठोकलं. टक, टक, टक. आणि शेवटी आवाज बदलला. ठण्ण.

"बसलं," आत्या कुजबुजली. बाळ झोपल्यावर बोलतात तशी.

ग्रीस तळहातावर घेऊन बेअरिंगच्या रुळांत दाबून भरायचं काम तिने मला दिलं नाही. एकेका रुळाच्या फटीत ग्रीस शिरून पलीकडून डोकावेपर्यंत ती दाबत राहिली. मग सगळं चादरीवरच्या क्रमाने उलटं आत गेलं, आणि आला तो मोठा नट. आत्याने लांब पाना लावला, पान्यावर सगळा भार टाकला आणि वरून मला म्हणाली, "आता तू. बरणी बंद कर." मी बंद केली. ती नवी पिन घालत म्हणाली, "कापड फाटेल, पण ही शिवण सुटणार नाही."

दुपारनंतर उजवं चाक तशाच पद्धतीने, निम्म्या वेळात झालं.

रविवारी सकाळी आम्ही दोघं गल्लीतून मोठ्या रस्त्यापर्यंत एक चक्कर मारून आलो. भुंग्यांचं वऱ्हाड गेलं होतं! आत्याने मधेच दोनदा हॉर्न वाजवला, समोर कुणी नसताना. आवारात गाडी उभी केली. काका खिडकीपाशी हजर होतेच, कर्रर्र झालं. मी टाळी द्यायला हात पुढे केला, पण आत्या मागच्या चाकापाशी वाकली होती. तिने बोट जिभेला लावलं आणि चाकाच्या मधल्या टोपणाला टेकवलं. इस्त्री तापली का बघतात तसं.

चर्र.

दुसऱ्या बाजूला जाऊन पाहिलं. चर्र. पुढच्या चाकांना हात लावला, ती कोमट होती.

हात मागे घेऊन आत्या पायरीवर बसली. इतक्या छोट्या चकरेत चाकं एवढी तापत असतील तर पुलापर्यंत जाईतो काय होईल हे सांगायला गॅरेजवाला नको होता. नवी बेअरिंग जळून जातील. डॉक्टर चहाला येणार होता, आणि जेवणाची वेळ होत आली होती.

"मापात घेतलं, मापात बसवलं," ती स्वतःशीच म्हणत होती. "कुठे चुकले मी?"

जेवायला कुणाला फारशी भूक नव्हती, काका सोडून. काका जेवून बाहेर आले, खुर्चीत बसले, आणि रोजच्यासारखं त्यांनी पँटचं बटण काढलं.

एरवी आत्या हे बघून न बघितल्यासारखं करते. आज तिचा पारा आधीच चढलेला होता. "अहो, चारचौघांत काय हे! ती पँट मी तुमच्या मापाने शिवलीय!"

"उभ्याच्या मापाने," काका म्हणाले. "उभा असलो की झकास बसते. खाली बसलो की श्वास कोंडतो. माणूस काय जन्मभर उभाच राहतो का?"

आत्याने गळ्यातला टेप काढला, काकांपाशी गेली, त्यांच्या कमरेभोवती टेप गुंडाळला आणि टेपच्या आत दोन बोटं घातली. ही तिची नेहमीची पद्धत. परक्या गिऱ्हाइकाचं माप घेताना ती दोन बोटं आत असतातच. त्या माणसाला बसायचं, वाकायचं, शिंकायचं असतं. घरच्या माणसाच्या वेळी तेवढी ती राहून गेली असणार. तिने बोटांकडे बघितलं, मग गाडीकडे.

"चाकाला बसायला जागाच नाही ठेवली मी," ती म्हणाली. "अरे, ऊठ! पाना आण! तो पांढऱ्या मोज्यांचा मेला खरं बोलत होता!"

मग जे काम झालं ते काम नव्हतं, नाच होता. जॅक, स्टँड, चाक खाली, टोपण, पिन. काकांनी हुकूम नसताना हँडब्रेक सोडला आणि दोन्ही हात पाठीमागे बांधून उभे राहिले. आत्याने नट काढून बेअरिंग बाहेर घेतलं, उजेडात धरलं. रूळ अजून चकचकीत होते, काळं-निळं काही नाही. "वाचली पोर," तिने सुस्कारा सोडला. परत बसवलं. एका हाताने ड्रम फिरवत नट आधी घट्ट केला, मग सैल सोडला, आणि पाना बाजूला ठेवून फक्त दोन बोटांनी, बाटलीचं टोपण लावावं इतक्याच जोराने, फिरवत आणला. नव्या पिना जास्तीच्या घेतलेल्या होत्या. तिच्याकडे पिना कधी मोजक्या नसतातच. पिन घातली. चाक चढवलं आणि एक टिचकी मारली.

चाक फिरलं. फिरलं आणि फिरत राहिलं. आवाज नाही, घाई नाही. आम्ही तिघं त्याच्याकडे बघत उभे होतो, आणि ते बापडं आपलं फिरतच होतं.

"आता श्वास घेते बघ," आत्या म्हणाली. दुसरं चाक पुरं करून तिने तीच चक्कर मारली, बोट ओलं करून टोपणाला लावलं. काही नाही. नुसतं ओलं टोपण. मग मात्र तिने मला टाळी दिली आणि वर खांद्यावर अशी थाप मारली की माझ्या शर्टावरचा ग्रीसचा पंजा अजून गेलेला नाही, आणि मी तो घालवणारही नाही.

डॉक्टर वेळेवर आला. आईच्या नखांकडे त्याने बघितलं, माझ्या शर्टाकडे बघितलं. "तुम्ही दोघांनी? घरी?"

"तिघांनी," काका म्हणाले.

"चहा परत आल्यावर," आत्या म्हणाली. "आधी पूल."

ती चालवायला बसली, शेजारी काका. त्यांनी यंत्र कानातून काढून खिशात टाकलं. मागे मी आणि डॉक्टर. डॉक्टर गंभीरपणे वाकला आणि त्याने सीटच्या पाठीला कान लावला, जणू धाकटीला आता "मोठ्ठा आऽऽ कर" म्हणणार आहे. गल्ली गेली, मोठा रस्ता गेला. पूल आला. आत्याने वेग वाढवला. मी श्वास रोखून धरला होता. आरशात दिसत होतं, आत्यानेही धरला होता.

गुळगुळीत रस्ता. काही नाही.

मग कुठून तरी बारीक आवाज आला. किण, किण, किण. डॉक्टर ताडकन सरळ झाला. "हे काय?"

आत्याने एक हात पुढे करून समोरच्या कप्प्यातली पत्र्याची डबी दाबून धरली. आवाज बंद. "टाचण्या," ती म्हणाली. "पहिल्या दिवसापासून आहेत इथे. ऐकू आज आल्या."

डॉक्टरने परत कान लावला. दुसऱ्या बाजूला माझ्या मांडीवर आडवा होऊन तिकडेही लावला. पूल संपत आला तेव्हा तो उठून बसला आणि त्याने केस नीट केले.

"आई, मला काही ऐकू येत नाही."

"मग कान तपासून घे. वडिलांवर गेलायस."

तो हसला. लहानपणी शर्ट नवा नसल्याचं दुःख विसरून हसावा तसा. खिशातून दुसरी किल्ली काढून त्याने पुढे वाकून टाचण्यांच्या डबीवर ठेवली. "घे," तो म्हणाला. "आणि पुढच्या तपासणीला मला नको बोलवूस. मला जमत नाही हे."

या सगळ्या हालचालीत काकांना काहीतरी वेगळं जाणवलं असावं. त्यांनी खिशातून यंत्र काढलं, कानात घातलं, मान तिरपी करून ऐकलं. मग आत्याकडे फार काळजीने बघत म्हणाले, "अगं, गाडी बंद पडली का?" आणि हात सवयीने हँडब्रेककडे निघाला.

"हात काढा! आपण चाललोय अजून!"

पूल संपला. तिथून वळायचं असतं. आत्या वळली नाही.

"आई, चहा?" डॉक्टर म्हणाला.

"पुढे शाळेच्या जुन्या बाई राहतात. त्यांच्या कोटाच्या बाह्यांचं माप घ्यायचंय, किती दिवस झाले." आत्याने गळ्यातला टेप सारखा केला. "चहा त्या देतील. तुझ्याकडे दाताचं काही विचारतील, नीट उत्तर दे."

आणि ती चालवत राहिली. खिडकीतून वारा येत होता, मोर म्हातारा असला तरी उन्हात चमकत होता, आणि मागच्या सीटवर एक मोठा डॉक्टर आईबरोबर गिऱ्हाइकाकडे निघालेल्या पोरासारखा गप्प बसला होता. बाईंच्या फाटकापाशी आत्याने गाडी अलगद उभी केली आणि काकांकडे बघून मान हलवली.

कर्रर्र.

धाकटीने त्या फेरीत केलेला तेवढाच काय तो आवाज.